शेतकरी ५, फ्रीझा ५,३०,०००

ड्रॅगन बॉलच्या कथेत रॅडिट्झ नावाचा परग्रहवासी पृथ्वीवर उतरतो, तेव्हा सगळ्यात आधी त्याची गाठ एका शेतकऱ्याशी पडते. शेतकऱ्याच्या हातात बंदूक. रॅडिट्झच्या डोळ्यावर स्काउटर नावाची काच, जिच्यात समोरच्याची ताकद आकड्यात दिसते. आकडा येतो ५. घाबरलेला शेतकरी गोळी झाडतो, रॅडिट्झ ती हातात झेलतो आणि टिचकी मारून परत पाठवतो. खेळ खलास.

पुढे याच रॅडिट्झशी लढताना कथेचा नायक गोकू अंगावरचे वजनदार कपडे उतरवतो आणि त्याचा आकडा ४१६ वर जातो. वाचणारा खूश. मग काही खंडांनंतर फ्रीझा नावाचा खलनायक अगदी शांतपणे सांगतो, की माझी ताकद ५,३०,००० आहे. तेव्हा तो त्याच्या पहिल्या रूपात असतो. अजून तीन रूपं बाकी असतात.

आता हे पुस्तक बाजूला ठेवा आणि टीव्हीसमोर बसलेली दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. दोघांच्या हातात कंट्रोलर. एकाने फ्रीझा निवडलाय, दुसऱ्याने यामचा. यामचा म्हणजे याच कथेतला बिचारा, जो एका फुटकळ हिरव्या राक्षसाच्या हातून मरतो आणि ज्याच्या त्या मेलेल्या पोझची जगभर थट्टा होते. कथेतल्या हिशेबाने ही लढत अर्ध्या सेकंदात संपायला हवी. पण मग यामचा घेणारा मुलगा कंट्रोलर आपटून उठून जाईल, आणि गेमचं कामच संपलं.

ड्रॅगन बॉलवर जे ढीगभर व्हिडिओ गेम निघाले, ते समजून घ्यायला एवढी एक अडचण ध्यानात ठेवली तरी पुरे. मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, मजा असमानतेत आहे: कालचा बलाढ्य आज किरकोळ ठरतो, म्हणून आपण पान उलटतो. गेमची मजा मात्र समान संधीत आहे. शिवाय मांगात कोण जिंकणार ते आधीच छापलेलं असतं. गेममध्ये ते ठरलेलं असून चालत नाही. मग एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं कसं? १९८६ पासून वेगवेगळ्या कंपन्यांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत आणि त्यातली काही फारच हुशार आहेत.

आधी थोडी ओळख. अकिरा तोरियामा यांची ड्रॅगन बॉल ही मांगा शुएशा या प्रकाशनसंस्थेच्या 'शोनेन जम्प' साप्ताहिकात १९८४ ते १९९५ अशी क्रमशः आली: ५१९ प्रकरणं, ४२ खंड. तोएई ॲनिमेशनने १९८६ पासून तिची टीव्ही मालिका, म्हणजे ॲनिमे, काढली. १९८९ ला सुरू झालेला 'ड्रॅगन बॉल झेड' ही तिची पुढची मालिका २९१ भाग चालली. आपल्याकडे शाळेतून आल्यावर दप्तर फेकून कार्टून नेटवर्कवर जे बघितलं जायचं ते हेच. ती पिढी आता तिशीत आहे.

गेमच्या सुरुवातीला हक्कांची जी बारीक ओळ झळकते ती सहसा कोणी वाचत नाही. तिच्यात बर्ड स्टुडिओ, शुएशा, तोएई ॲनिमेशन आणि मग गेम कंपनीचं नाव असतं. बर्ड स्टुडिओ म्हणजे तोरियामांची स्वतःची संस्था. गोकू मुळात कागदावरचा, पण त्याचा रंग, त्याची हालचाल, त्याचा आवाज ही ॲनिमेची देणगी. त्यामुळे गेम बनवणाऱ्याला दोन घरचे पाहुणे सांभाळावे लागतात. जपानीत गोकूचा आवाज १९८६ पासून मासाको नोझावा देतात. त्यांचा जन्म १९३६ चा, आणि २०२४ च्या गेममध्येही लहान गोकूपासून मोठ्या गोकूपर्यंत आवाज त्यांचाच आहे! गोकूची दोन्ही मुलंही त्याच बोलतात, त्यामुळे बाप-लेकांची लढत लावली की बाई स्वतःशीच भांडत असतात.

या गेममधली बांदाईची पहिली चाल १९८६ ची, फॅमिकॉम या निन्तेन्दोच्या घरगुती यंत्रावरची: 'शेनरॉन नो नाझो', म्हणजे 'शेनरॉन या ड्रॅगनचं कोडं'. वरून दिसणाऱ्या नकाशात छोटा गोकू काठी घेऊन फिरतो, खातो, मारतो. हा गेम १९८८ ला अमेरिकेत गेला तेव्हा तिथे ड्रॅगन बॉल कोणाला माहीत नव्हता. म्हणून नाव बदलून 'ड्रॅगन पॉवर' केलं, गोकूचा चेहरा बदलला, कामेहामेहा या त्याच्या सुप्रसिद्ध माऱ्याचं 'विंड वेव्ह' झालं. मूळ कथेतले चावट गुरुजी बाईमाणसाची अंतर्वस्त्रं मागतात. अमेरिकेत त्यांना सँडविच मागायला लावलं. रूपांतराचं रूपांतर झालं की काय उरतं याचा हा नमुना.

फॅमिकॉमची खरी अडचण वेगळीच होती. पडद्यावर हलणाऱ्या आकृतीला स्प्राइट म्हणतात. त्या यंत्रावर स्प्राइट म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोनी तुकडे, आणि एका तुकड्यात जेमतेम तीन रंग. एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त तुकडे आले की बाकीचे दिसेनासे होतात. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर दोन माणसं आकाशात विजेच्या वेगाने एकमेकांना बदडतायत हे दाखवणार कसं?

उत्तर आलं १९८८ ला, 'दाइमाओ फुक्कात्सु'मध्ये: पत्ते! लढाई म्हणजे हातातल्या पत्त्यांतून एक निवडणं. पत्त्यावर कथेतल्या ड्रॅगन बॉल या जादुई गोळ्यांवर असतात तसे तारे असतात. जास्त तारे तर जास्त जोराचा हल्ला. पत्ता टाकला की यंत्र सावकाश एकेक चित्र दाखवतं: मूठ, चेहरा, स्फोट. पडदा चौकटींमध्ये विभागलेला, मांगाच्या पानासारखा. मला हे आजही सगळ्यात प्रामाणिक रूपांतर वाटतं. यंत्राला हालचाल जमत नव्हती, म्हणून त्यांनी ॲनिमेची नक्कल सोडून कागदाची केली. शिवाय पत्त्यांत आकड्यांची विषमता आपसूक मावते; याच वळणाच्या पुढच्या गेममध्ये तुमचा क्रिलिन, म्हणजे गोकूचा मित्र, कच्चा असला तर तो कच्चाच राहतो, आणि तुम्हाला गोकू येईपर्यंत तग धरायची असते. अगदी कथेत असतं तसं.

मग १९९३ ला सुपर फॅमिकॉमवर 'सुपर बुतोदेन' आला. आता यंत्रात दम होता आणि जगभर समोरासमोरच्या मारामारीच्या गेमची लाट होती. पण त्या गेममधले लढवय्ये जमिनीवर, एकाच पडद्यात उभे असतात. ड्रॅगन बॉलमधले एकमेकांपासून मैलभर लांब उडत असतात. बुतोदेनने यावर सोपी युक्ती काढली. दोघं लांब गेले की पडदा मधोमध चिरला जातो, डाव्या अर्ध्यात तुम्ही, उजव्यात तो. लांबून कामेहामेहा सोडलात की तो तुमच्या पडद्यातून जाऊन त्याच्या पडद्यात पोचतो, आणि मधल्या त्या क्षणभरात समोरच्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो. फ्रान्स आणि स्पेनमध्ये मालिका तुफान चालत होती, म्हणून हा गेम तिथेही गेला.

याच सुमारास एक छोटी पण फार महत्त्वाची गोष्ट रुळली: 'की' भरणं. की म्हणजे अंगातली प्राणशक्ती. ॲनिमेत पात्रं ती गोळा करायला मुठी आवळून ओरडतात. आणि ओरडतच राहतात. मांगा आठवड्याला एक प्रकरण पुढे सरकायची आणि ॲनिमेची गाडी तिच्या पाठीवर येऊन थडकायची, म्हणून वेळ काढायला हे ओरडणं, डोळे वटारणं, ढगांकडे बघणं. नामेक हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं सांगितल्यावर तो फुटायला टीव्हीवर कित्येक आठवडे लागले. गेमने या कंटाळ्याचं सोनं केलं. बटण दाबून धरलं की तुमचा गडी ओरडतो आणि पट्टी भरत जाते. पण तेवढा वेळ तो उघडा असतो, कोणीही येऊन ठोसा मारू शकतो. अजून थोडं भरू की आता पळू? टीव्हीवर जे रटाळ होतं तेच हातात आल्यावर जुगार झालं.

प्लेस्टेशन टूच्या काळात वाट दुभंगली. २००२ चा 'बुडोकाई' डिम्प्स या ओसाकाच्या कंपनीने केला. तिथे मारामारीच्या गेमची मुरलेली मंडळी होती. त्यांनी अंतर, वेळ, कॉम्बो म्हणजे सलग फटक्यांची साखळी, हे सगळं नीट बसवलं. २००५ ला स्पाइक कंपनीचा 'स्पार्किंग' आला. परदेशात त्याचं नाव 'बुडोकाई तेनकाइची'. याने कॅमेरा गड्याच्या पाठीमागे नेला. आता तुम्ही लढाई बाजूने बघत नव्हता, तिच्यात होता. २००७ च्या तिसऱ्या भागात रूपं धरून १६१ पात्रं होती, आणि ती अजिबात समान नव्हती. आमच्या मामेभावाकडे हा गेम होता, आणि घरातला अलिखित नियम असा की पाहुण्याला चांगला गडी द्यायचा. दादा स्वतः मिस्टर सॅटन घ्यायचा. मिस्टर सॅटन हा कथेतला बढाईखोर पैलवान, ज्याला उडताही येत नाही. आम्ही वरून आगीचे गोळे टाकायचो, तो खाली धावत असायचा, आणि तरी अधूनमधून जिंकायचा. त्या दिवशी जेवताना दुसरा विषय नसे.

इथेच अडचणीची दोन उत्तरं स्पष्ट दिसतात. एक म्हणतं, कथा विसरा आणि सगळ्यांना सारखं करा. दुसरं म्हणतं, कथा तशीच ठेवा, अन्याय ही तर गंमत आहे.

पहिल्या उत्तराचा कळस म्हणजे २०१८ चा 'ड्रॅगन बॉल फायटरझेड', योकोहामाच्या आर्क सिस्टिम वर्क्सने बनवलेला. तीन विरुद्ध तीन गडी, जमीन आणि बाजूचा कॅमेरा, जुन्या वळणाचा. यात प्रत्येक पात्राचं आयुष्य बरोबर १०,००० आहे. फ्रीझाचं १०,००० आणि यामचाचंही १०,०००. स्काउटर फेकून दिला म्हणा ना. मग फ्रीझा फ्रीझा वाटतो कशामुळे? तर वागण्यातून. तो लांबून, तुच्छतेने, बोट रोखून किरण सोडतो; यामचा लांडग्यासारखा अंगावर धावून येऊन पंजे मारतो. ताकदीचा फरक काढून टाकला आणि स्वभावाचा ठेवला. प्रत्येक फटका किती लवकर बसतो याचं मोजमाप इथे सेकंदाच्या साठाव्या भागात होतं; साधा ठोसा सुमारे सहा भागांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात बसतो. यामचा जड जायला लागला तर कंपनी हे आकडे बदलून नवा पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, पाठवते, जसा स्वयंपाकात मिठाचा अंदाज सुधारावा. इतिहासही पूर्ण पुसलेला नाही. उद्ध्वस्त नामेकच्या मैदानावर गोकूने फ्रीझाला ठरावीक प्रकारे शेवटचा फटका मारला, तर ॲनिमेतला तोच प्रसंग जसाच्या तसा उलगडतो. म्हणजे कथा आता सक्तीची राहिली नाही, जिंकणाऱ्याला मिळणारं बक्षीस झाली.

या गेमचं चित्र बघून भलेभले फसले. वाटतं हाताने काढलंय. प्रत्यक्षात सगळी पात्रं त्रिमितीय आहेत, म्हणजे संगणकातले पोकळ पुतळे. आता ही जादू कशी होते ते बघू, कारण ॲनिमेच्या गेममधलं सगळ्यात सुंदर काम मला इथे झालेलं दिसतं.

पुतळ्यावर उजेड पडला की संगणक प्रत्येक बिंदूला विचारतो, तुझं तोंड कुठे? दिव्याकडे असेल तर उजळ, पाठ असेल तर काळोख. पुतळा जसा वळतो तसं हे उत्तर हळूहळू बदलत जातं, म्हणून छाया गोल, मऊ आणि प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. ॲनिमेचा चित्रकार असा विचारच करत नाही. तो गालाखाली एक धारदार तुकडा काळा करतो, कारण तिथे तो शोभतो. आर्कच्या कलाकारांनी म्हणून बिंदूंना खोटं बोलायला शिकवलं: आकार तोच, पण एकेका बिंदूची दिशा हाताने वळवून ठेवली, म्हणजे छाया चित्रकाराला हवी तिथेच आणि हवी तेवढीच धारदार पडते.

दुसरी लबाडी हालचालीतली. संगणक हात वर नेताना मधल्या सगळ्या अवस्था आपणहून भरतो, त्यामुळे हालचाल तेलासारखी वाहते. ॲनिमेत एवढी चित्रं काढायला ना वेळ असतो ना पैसा. एकच चित्र दोन-तीन चौकटी तसंच धरून ठेवतात आणि मग झटक्यात पुढच्यावर जातात. आर्कने संगणकाचं हे भरणं बंद केलं. प्रत्येक पोझ हाताने लावली आणि थोडा थोडा वेळ गोठवून ठेवली. गरज पडली तर मूठ कॅमेऱ्याजवळ येताना ती चक्क मोठी केली, हात लांब ओढला. बाजूने पाहिलं तर तो गोकू विद्रूप दिसेल, पण बाजूने बघणार कोण? कॅमेरा त्यांच्याच हातात. गरिबीमुळे जन्मलेली एक शैली श्रीमंत यंत्रावर इतक्या कष्टाने पुन्हा घडवायची, यात थोडा वेडेपणा आहेच.

त्याच वर्षी लास व्हेगासच्या ईव्हीओ या मारामारीच्या गेमच्या स्पर्धेत सर्वाधिक खेळाडू फायटरझेडसाठी उतरले. अंतिम लढतीत अमेरिकेच्या सॉनिकफॉक्सने जपानच्या गो-वनला हरवलं. प्रेक्षकांत असेही लोक होते ज्यांनी मालिका धड पाहिलेली नव्हती. चांगल्या समतोलाची ही पावती समजावी.

हे सगळे मारामारीचे गेम. कथा सांगणाऱ्यांची डोकेदुखी निराळी: ज्याचा शेवट घरोघरी पाठ आहे ती गोष्ट पुन्हा खेळायला का लावायची? डिम्प्सच्या 'झेनोव्हर्स'ने (२०१५, आणि दुसरा भाग २०१६) छान पळवाट काढली. कोणीतरी काळात मागे जाऊन इतिहास बिघडवतंय, आणि तुम्ही काळाचे पहारेकरी आहात. तुमचं पात्र तुम्हीच घडवायचं, सायन (गोकूची परग्रही जात), नामेकवासी, माणूस, काय हवं ते, आणि रॅडिट्झच्या लढाईत घुसून ती मूळ मार्गावर आणायची. जुनाच प्रसंग, पण आता तो चुकू शकतो. सायबरकनेक्ट टू या फुकुओकाच्या कंपनीच्या 'काकारोट'ने (२०२०) उलटा रस्ता धरला. त्यात कथा तीच, पण लढायांच्या मधल्या जागा भरल्या आहेत: गोकू खोटं शेपूट पाण्यात सोडून मासे धरतो, बायको स्वयंपाक करते, आणि जगाला वाचवणारा हा माणूस गाडी चालवण्याच्या परीक्षेलाही बसतो. लढाया मला ठीकठाक वाटल्या. मासेमारी मात्र लक्षात राहिली.

मोबाइलवरच्या गेमबद्दल थोडक्यात, पण आईबापांनी हे वाचावंच. २०१५ चा 'डोक्कान बॅटल' आणि २०१८ चा 'लेजंड्स' फुकट उतरवता येतात. पैसा गाचातून येतो. जपानात नाणं टाकून मूठ फिरवली की गोळ्यात बंद खेळणं पडतं, त्या यंत्राच्या नावावरून हा शब्द आला. इथे खेळण्याऐवजी पात्र पडतं, आणि कोणतं पडेल ते नशिबावर. समजा हव्या त्या गोकूची शक्यता १ टक्का आहे. शंभर वेळा मूठ फिरवली की तो नक्की मिळेल असं पोरांना वाटतं. गणित सांगतं, शंभर जणांनी प्रत्येकी शंभर वेळा फिरवली तर साधारण ३७ जण रिकाम्या हाताने परततील. यंत्राला मागचं काही आठवत नाही, प्रत्येक वेळी शक्यता नव्याने १ टक्काच. काही गेममध्ये अशी गाचातली ठरावीक पात्रं गोळा करून संच पुरा केला की मोठं बक्षीस मिळायचं. तो प्रकार जपानच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०१२ मध्येच बेकायदा ठरवला, साधा गाचा मात्र चालू राहिला. आणि गंमत बघा, ताकदीचे आकडे इथे पुन्हा बोकाळले. दर काही महिन्यांनी आधीच्यापेक्षा बलवान गोकू आलाच पाहिजे, नाहीतर मूठ फिरवणार कोण? तोरियामांनी कथेत पुढे स्काउटरचे आकडे मागे टाकले. हिशेब हाताबाहेर जाणार हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले, वयाच्या ६८ व्या वर्षी. त्यांचं गेमशी नातं ड्रॅगन बॉलपुरतं नव्हतं. १९८६ पासून 'ड्रॅगन क्वेस्ट' या गेममालिकेची पात्रं आणि राक्षस त्यांनीच काढले. कमी रेषा आणि लांबूनही ओळखू येणारी बाह्याकृती ही त्यांची खासियत, आणि आठ बाय आठच्या ठिपक्यांत जगायला नेमकं तेच लागतं. गोकूचे काळे केस भरण्यात मदतनिसाचा फार वेळ जातो म्हणून सुपर सायन या त्याच्या बलाढ्य रूपाचे केस त्यांनी कोरे सोडले, असं ते स्वतः सांगत. रंगीत पडद्यावर तेच सोनेरी झाले, आणि गेममध्ये तो बदल लांबून, अगदी चिमुकल्या आकृतीतही, कळतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 'स्पार्किंग झीरो' आला, दादाच्या त्या जुन्या गेमचा सतरा वर्षांनंतरचा वारस. पहिल्या चोवीस तासांत ३० लाख प्रती खपल्या. तो दुसऱ्या उत्तराचा कट्टर वारकरी आहे: पात्रं समान नाहीत आणि करणारही नाही, असाच त्याचा पवित्रा. गोकूच्या कथेत रॅडिट्झशी लढायला पिकोलो या जुन्या वैऱ्याला सोबत घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवता, आणि तिथून इतिहास वेगळ्याच गल्लीत शिरतो. पण ऑनलाइन स्पर्धेत सगळे फक्त सगळ्यात तगडा गडी घेतील, त्याचं काय? त्यासाठी एक प्रकार ठेवलाय, ज्यात प्रत्येक पात्राला किंमत आहे आणि संघाला खर्चायला १५ गुण. सर्वांत बलवान पात्र एकटंच त्यातले निम्म्याहून जास्त गुण खातं. मिस्टर सॅटन अगदी स्वस्तात मिळतो. स्काउटर परत आला तो असा, दुकानातल्या भावफलकाच्या रूपात: ताकद घ्या, पण मोजा. यामचाने फ्रीझाला हरवायचं तर आता सोबत आणखी दोघं-तिघं आणायची सोय आहे.

सुरुवातीला यात १८२ पात्रं होती. मी यादी दोनदा वाचली. बंदूकवाला शेतकरी नाही.